ऑटोचं रोप खुरटलं की आधी मुळी बघा

हे लिहायला मी दोन महिने टाळाटाळ केली कारण विषय गांजाचा आहे आणि मराठीत लिहिलं की ते गावाकडेही वाचलं जातं. पण मागच्या महिन्यात दोघातिघांनी मला मेसेज करून सेम प्रश्न विचारला की ऑटोफ्लॉवर (गांजाचाच वयावर फुलणारा प्रकार, थोडक्यात ऑटो) लावलंय, वीस दिवस झाले, रोप बोटाएवढंच आहे, काय करू, आणि प्रत्येक वेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

आधी कायद्याचं. आम्ही कॅनडात, ऑन्टारिओत किचनरला राहतो. इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनबिस कायदेशीर आहे आणि ऑन्टारिओत १९ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला घरी झाडं लावता येतात, पण एका घरात जास्तीत जास्त ४, माणशी नाही, घरामागे ४. बिया लायसन्स असलेल्या दुकानातून घ्यायच्या. भाड्याच्या घरात किंवा काँडोत राहत असाल तर तुमच्या करारात मनाई असू शकते, ते आधी वाचा. आणि घरात लहान मुलं असतील तर खोलीला कुलूप, त्यात तडजोड नाही. भारतात वाचणाऱ्यांनी हे फक्त वाचायचं, १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली तिथे झाड लावायला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, तेव्हा कुंडीत एक लावून बघू वगैरे अजिबात नको.

आता मुद्दा. मी पहिल्यांदा लावलं ते जानेवारीत, बेसमेंटमध्ये. २ बाय ४ फुटाचा टेंट (घरात झाडं लावायचा बंद तंबू), वर एलईडी, ११ लिटरच्या ४ कापडी कुंड्या, त्यात पीटवालं (कुजलेल्या शेवाळाचं) तयार मिक्स, आणि ४ ऑटोच्या बिया. चारही उगवल्या, दोन दिवसात टोपी टाकून वर आल्या, मी इतकी खूश होते की रोज रात्री जेवण झाल्यावर खाली जाऊन नुसती बघत बसायचे. आठव्या दिवसापर्यंत सगळं छान आणि मग थांबलं. म्हणजे मेली नाहीत, पिवळी पडली नाहीत, नुसती थांबली. दहावा दिवस, बारावा दिवस, चौदावा, तीच दोन पानांची जोडी, मधला शेंडा घट्ट मिटलेला. पानं जाड, गडद, खाली वाकलेली. अठराव्या दिवशी पट्टी लावून मोजलं तर सहा सेंटीमीटर.

साधं झाड असतं तर मी एवढी घाबरले नसते. ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गांजाचं नेहमीचं झाड फुलावर कधी यायचं ते रात्रीच्या लांबीवरून ठरवतं. दिवस मोठा ठेवला, १८ तास लाइट दिला, की ते नुसतं वाढत राहतं, महिना म्हणा दोन महिने म्हणा, आणि रोपाची चूक झाली तर तुम्ही त्याला पंधरा दिवस सावरायला देऊ शकता, मग लाइट १२ तासांवर आणला की फुलं. ऑटोचं तसं नाही. ऑटोमध्ये रुडेरालिस नावाच्या जातीचं रक्त आहे, यानिशेव्स्की नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये तिला हे नाव दिलं, तिकडच्या थंड प्रदेशात उन्हाळा इतका छोटा की दिवस लहान व्हायची वाट बघत बसलं तर बी धरायच्या आत बर्फ पडेल. म्हणून ते झाड वयावर फुलतं. उगवल्यापासून साधारण तीन ते चार आठवड्यात फुलं धरणारच, तेव्हा ते हातभर असो की बोटभर. आणि बहुतेक ऑटो ७० ते ९० दिवसात संपतात. म्हणजे पहिल्या वीस दिवसातले दहा दिवस वाया गेले तर ते परत मिळत नाहीत. हे मला माहीत होतं आणि म्हणूनच मी घाईघाईत सगळं चुकीचं केलं.

काय काय केलं ते सांगते. रोप वाढत नाही म्हणजे भूक लागली असणार असं धरून खत दिलं, बाटलीवर लिहिलंय त्याच्या अर्ध्या डोसने. तीन दिवस काही झालं नाही म्हणून परत दिलं. पानांची टोकं जळली. मग लाइट कमी पडतोय वाटलं म्हणून लाइट खाली आणला, पानांच्या कडा वर वळल्या, मग परत वर नेला. रोज सकाळी वरची माती कोरडी दिसायची म्हणून रोज पाणी. एका रोपाला तर कुंडी बदलून बघू असाही विचार आला होता, बरं झालं केलं नाही.

शेवटी आप्पांना फोन केला.

आमचं गाव तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग, आप्पांचं सगळं आयुष्य बागेत गेलं. इथले रात्रीचे नऊ म्हणजे तिकडचे सकाळचे साडेसात, तेव्हा ते बागेतनं एक चक्कर मारून चहाला आलेले असतात. मी त्यांना आधी सांगितलं की आप्पा, इथे कायद्याने चालतं, सरकारच बी विकतं, आणि मग सांगितलं कशाचं रोप आहे ते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. आमच्याकडे उसाच्या फडात गांजा सापडला अशी बातमी पेपरात आली की त्या माणसाच्या घरावरून जाताना लोक मान खाली घालतात, त्यामुळे त्यांना काय वाटलं असेल ते मला कळत होतं. मग म्हणाले, "सरकार विकतंय म्हंतीस?" मी म्हटलं हो. "आणि पोलीस?" मी म्हटलं चार झाडांपर्यंत काही नाही. "बरं. दाव बघू रोप."

व्हिडिओवर त्यांनी पाच मिनिटं नुसतं बघितलं. खत कुठलं दिलं हे विचारलंच नाही. विचारलं, "वाफसा येतोय का?"

मी इथल्या लोकांचं किती वाचलं होतं, ओव्हरवॉटरिंग ओव्हरवॉटरिंग म्हणून, पण तो शब्द ऐकून माझ्या डोक्यात यायचं की पाणी जास्त होतंय, एवढंच. वाफसा म्हटल्यावर एकदम लख्ख कळलं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही, वाफसा म्हणजे माती ओलीही नाही आणि कोरडीही नाही, मातीच्या कणाकणात जिथे पाणी निथळून गेलं तिथे हवा आली आहे अशी अवस्था. मुळी पाण्यात वाढत नाही, मुळी वाफशात वाढते. माझ्या ११ लिटरच्या कुंडीत एक एवढंसं रोप, त्याची मुळं चहाच्या कपाएवढ्या जागेत, आणि मी पूर्ण कुंडी रोज भिजवत होते. वरचा एक सेंटीमीटर एलईडीच्या आणि फॅनच्या वाऱ्याने सुकायचा, खाली दलदल. आप्पा म्हणाले, "बोट घालू नगं, कुंडी उचल." उचलली. दगडासारखी जड. शेजारी त्याच मिक्सची कोरडी पिशवी पडलेली होती, ती उचलली आणि तेव्हा हाताला फरक कळला.

दुसरा प्रश्न, "थंडी किती हाय तिथं?" मी म्हटलं बाहेर उणे १४, पण घरात हीटर आहे, टेंटमध्ये २३ दाखवतंय. "हवा न्हवं. माती." मी स्वयंपाकघरातला मांस भाजताना वापरतात तो टोकदार थर्मामीटर आणून सकाळी लाइट लागायच्या आधी कुंडीत खुपसला. १४ डिग्री. कुंड्या सिमेंटच्या फरशीवर होत्या, खाली फक्त प्लॅस्टिकचा ट्रे, आणि इथली बेसमेंटची फरशी जानेवारीत बर्फासारखी असते. आप्पांचं म्हणणं एकच, थंडीत पांढरी मुळी चालत नाही. द्राक्षवाल्यांना हे डिसेंबर जानेवारीत दरवर्षी दिसतं, वर ऊन चांगलं असलं तरी जमीन गार असली की मुळी काम करत नाही, मणी फुगत नाही, आणि मग माणूस वरून कितीही खत सोडो. गांजालाही हेच लागू आहे. माती गार असली की फॉस्फरस उचलला जात नाही, पानं गडद मळकट हिरवी दिसतात, देठ जांभळे पडतात, आणि बघणारा म्हणतो फॉस्फरसची कमतरता, बाटली आणा. माझे देठ जांभळे होते. मी बाटली आणली होती.

तेव्हा दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून इन्सुलेशनचा एक इंच जाडीचा फोमबोर्ड आणला, कापून सगळ्या कुंड्यांखाली घातला. आणि लाइटचं टायमर उलटं केलं, आधी रात्री अंधार असायचा, आता दिवसा सहा तास अंधार आणि रात्रभर लाइट, म्हणजे घर जेव्हा सगळ्यात गार तेव्हा टेंटमध्ये लाइटची ऊब. इथे संध्याकाळी ७ ते सकाळी ७ विजेचा दरही कमी असतो तो वेगळा फायदा. मातीचं तापमान चार दिवसात १९ वर आलं. पाणी पूर्ण बंद, कुंडी हलकी होईपर्यंत. सहा दिवस लागले हलकी व्हायला, सहा दिवस, म्हणजे विचार करा किती पाणी होतं आत.

आणि रोपं हलली. थोडी. शेंडा उघडला, नवीन पान आलं, पण नवीन पानही फिकट आणि कडेने करपल्यासारखं. मला वाटलं आता तरी धावतील, पण नाही. काहीतरी अजून अडवत होतं आणि हे तिसरं कारण शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. किचनर वॉटरलूत राहणाऱ्यांनी हे पुढचं नक्की वाचा.

पाणी. आमच्या भागातलं बरंचसं पाणी बोअरचं आहे, म्हणजे जमिनीतलं, आणि प्रचंड जड. किटलीत आठवड्यात पांढरा थर बसतो. म्हणून इथे जवळपास प्रत्येक घरात बेसमेंटमध्ये वॉटर सॉफ्टनर असतो. हिवाळ्यात बाहेरचा बागेचा नळ बंद करून ठेवावा लागतो नाहीतर पाइप फुटतो, त्यामुळे मी बेसमेंटमधल्या लाँड्री सिंकच्या नळाचं पाणी घालत होते. पीएच बघितला होता, आणून ६.५ केला होता. पाण्यातले क्षार मोजणारा ईसी मीटरही होता माझ्याकडे, आकडा वरच्या बाजूला होता पण मला वाटलं जड पाणी आहे, कॅल्शियम मॅग्नेशियम असणार, झाडाला चांगलंच.

आप्पांनी फोनवर सहज विचारलं होतं, "पाणी खारं न्हाई न्हवं?" मी म्हटलं छे, गोड आहे, पितो आम्ही. आणि विसरून गेले. त्यानंतरच्या शनिवारी माझा नवरा दुकानातून मिठाची २० किलोची पिशवी खांद्यावर घेऊन आला आणि माझ्यासमोर त्याने ती सॉफ्टनरमध्ये ओतली. मी टेंटची चेन उघडून तिथेच उभी होते. दर दीडदोन महिन्यांनी एक पिशवी लागते आम्हाला. ते मीठ कुठे जातं हा प्रश्न मला या घरात राहायला आल्यापासून पाच वर्षात पहिल्यांदा पडला.

सॉफ्टनर काय करतो तर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो. एका कॅल्शियमला दोन सोडियम. मिठाचा बराचसा भाग सॉफ्टनर धुताना गटारात जातो, पण त्यातलं सोडियम नळाच्या पाण्यात असतंच. चव लागत नाही. आणि ईसी मीटर फसवतो, कारण ईसी मीटर फक्त पाण्यात क्षार किती ते सांगतो, कुठला क्षार ते नाही. सॉफ्टनरच्या आधीचं पाणी आणि नंतरचं पाणी दोन्ही मी नंतर मोजून बघितलं, आकडा जवळजवळ सेम. एकात झाडाचं अन्न, दुसऱ्यात मीठ, आणि मीटरला दोन्ही सारखेच.

मग मला सांगली-कोल्हापूरकडची क्षारपड रानं आठवली. कृष्णाकाठाला, वाळव्याकडे, पलीकडे शिरोळला, उसाला पाट भरून भरून पाणी दिलं, निचरा नाही, खालचे क्षार वर आले आणि कसदार काळी जमीन पांढरी पडली. लहानपणी एसटीतनं जाताना दिसायचं ते, मीठ फुटलेलं रान, त्यात काहीच उगवत नाही. सोडियम वाढलेल्या जमिनीला आपल्याकडे चोपण म्हणतात, भिजली की चिखल, वाळली की दगड, आणि पीक खुरटतं. मी माझ्या बेसमेंटमध्ये ११ लिटरचं चोपण रान तयार करत होते. पीटमध्ये चिकणमाती नसते त्यामुळे ती तशी घट्ट होत नाही, पण मुळीपाशी सोडियमची गर्दी झाली की पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आत जायला जागा मिळत नाही, आणि पानाची कड करपते, आणि शेंडा थांबतो. मी सांगितल्यावर आप्पा लगेच म्हणाले जिप्सम टाक, कारण चोपण रानाला तोच उपाय. पण कुंडीत निचरा चांगला असतो त्यामुळे चांगल्या पाण्याने एकदा नीट धुवून काढणं जास्त सोपं.

सॉफ्टनरला एक बायपास व्हॉल्व्ह असतो, तो फिरवला की पाणी सॉफ्टनरमधून न जाता थेट नळाला येतं. तो फिरवला, सिंकचा नळ पाच मिनिटं मोकळा सोडला, आणि ते पाणी अर्धं आणि स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी अर्धं असं मिसळलं. नुसतं आरओ घातलं तर त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम काहीच नसतं, वरून वेगळं घालावं लागतं, आणि नुसतं जड पाणी घातलं तर त्यातल्या बायकार्बोनेटमुळे कुंडीतला पीएच आठवड्यागणिक वर चढत जातो, तुम्ही आज ६.५ करून घाला नाहीतर काही करा. अर्धं अर्धं माझ्याकडे बरोबर बसलं. पीटच्या मिक्सला मी ६ ते ६.५ च्या मध्ये ठेवते. कोकोपीटमध्ये लावणाऱ्यांनी ५.८ च्या आसपास.

तेव्हा चोविसावा दिवस होता. मला खात्री करून घ्यायची होती म्हणून मी चारपैकी दोनच कुंड्या धुतल्या, प्रत्येकी जवळपास २० लिटर कोमट पाणी हळूहळू ओतून, आणि मग अगदी हलकं खत. बाकीच्या दोघींना पाणी चांगलं दिलं पण धुतल्या नाहीत. आठ दिवसात डोळ्यांनी दिसेल इतका फरक पडला. धुतलेल्या दोन्हींची नवीन पानं स्वच्छ हिरवी, पंजा मोठा, रोज एक सेंटीमीटर वाढ. न धुतलेल्या रोपांची नवीन पानं अजून कडेने तपकिरी.

पण तोवर सव्विसाव्या दिवशी चारहींवर पांढरे केस दिसले होते, म्हणजे फुलाची सुरुवात. नऊ सेंटीमीटरच्या रोपावर. मला रडू आलं, खरंच आलं. फुलं यायला लागल्यावरही ऑटो दोनेक आठवडे उंच होत राहतं, त्यामुळे धुतलेली दोन शेवटी गुडघ्याच्या खाली का होईना पोचली, दुसरी दोन वीतभरच राहिली. वाळवून चारही मिळून ३१ ग्रॅम.

दुसऱ्यांदा मार्चअखेरीला लावलं. तेच मिक्स, त्याच कुंड्या, तोच लाइट, दुकानातलं तेच बी. फक्त पाणी बायपासचं, खाली फोमबोर्ड, आणि पाणी द्यायची पद्धत बदलली. ही पद्धत जरा सविस्तर सांगते कारण मेसेज करणाऱ्या सगळ्यांची पहिली चूक इथेच आहे. ऑटोला कुंडी बदलायचा धक्का सोसत नाही म्हणून बी थेट मोठ्या कुंडीत लावायचं हे बरोबरच आहे, पण मग मोठी कुंडी आणि छोटं रोप हा घोळ होतो. मी लावायच्या आदल्या दिवशी मिक्स एकदा सगळं समान ओलं करून घेते, मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतकं. मग रोप आल्यावर पहिले दहाबारा दिवस रोपाभोवती वाटीएवढ्या गोलात अर्धा कप पाणी, तेही वाटलं तर. मग हळूहळू गोल मोठा करायचा, मुळी पाण्याच्या शोधात बाहेर जाते. पूर्ण कुंडी भिजवायची वेळ तिसऱ्या आठवड्याच्या शेवटाला येते. आणि मधे कुंडी उचलून बघायची, रोज, सवयच लावायची. मात्र पीट पूर्ण ठणठणीत वाळू द्यायचं नाही, एकदा वाळलं की ते पाणी धरतच नाही, कडेने ओघळून ट्रेमध्ये जातं आणि मधली मुळी कोरडी ती कोरडीच.

यावेळी चौदाव्या दिवशी चार जोड्या पानं, एकविसाव्या दिवशी १७ सेंटीमीटर. पांढरे केस अठ्ठाविसाव्या दिवशी. तीन झाडं कमरेला लागली, तिघींची मिळून १९० ग्रॅमच्या वर निघाली. म्हणजे एकेक झाड आधीच्या चारांच्या दुप्पट.

चौथं मात्र खुरटंच राहिलं. सगळं सारखं असून. आणि याबद्दलही बोलायला हवं कारण लोक स्वतःला फार दोष देतात. ऑटोचा गुण हा जनुकीयदृष्ट्या अप्रभावी (रिसेसिव्ह) आहे, साध्या झाडाशी संकर केला तर पहिल्या पिढीत एकही ऑटो निघत नाही, दुसऱ्या पिढीत साधारण चौथा हिस्सा निघतात, मग त्यातून निवड करत करत वाण पक्का करायचा असतो, आणि काही विकणारे ते पूर्ण करत नाहीत. त्यामुळे एका पाकिटातल्या बिया एकसारख्या नसतात. शेजारची तीन धावताहेत आणि एकच मागे आहे, पानं निरोगी आहेत, रंग चांगला आहे, नुसतं लहान आहे, तर तो बियाचा प्रश्न आहे. त्याला जास्त खत घालून काही होत नाही. चारही मागे असतील तर मात्र तो पाण्याचा, मातीचा, थंडीचा प्रश्न आहे, बियाला नाव ठेवू नका.

आणखी एक दोन गोष्टी, ज्या माझ्याकडे झाल्या नाहीत पण मेसेजमध्ये फोटो बघून कळल्या. एकीच्या कुंडीभोवती बारीक काळ्या माश्या उडत होत्या, तिला वाटलं फळांच्या माश्या, घरात केळी होती म्हणून. त्या फंगस नॅट. माशी काही करत नाही, तिच्या अळ्या ओल्या मातीत वरच्या दोन इंचात राहतात आणि बारीक मुळ्या खातात, आणि रोपाला मुळात मुळ्याच बारीक असतात. पिवळे चिकट सापळे लावा, आपल्याकडे बागेत लावतात तेच, वरची माती सुकू द्या, आणि बीटीआय नावाचं जैविक औषध मिळतं ते पाण्यातून द्या, ते अळीलाच मारतं. दुसऱ्या एकाने लाइट पूर्ण ताकदीने पहिल्या दिवसापासून ठेवला होता. फोनवरच्या अॅपने का होईना पण मोजा, रोपाला पहिल्या दोन आठवड्यात २०० ते ३०० मायक्रोमोल (हे उजेडाचं माप) पुरतात, मग हळूहळू ५०० ते ६०० पर्यंत. जास्त उजेडात छोटं रोप पसरत नाही, आखडतं. तिसऱ्याने खुरटलेल्या रोपाचा शेंडा खुडला होता, फांद्या फुटतील म्हणून. साध्या झाडाला चालतं ते, आजारी ऑटोला नाही, त्याच्याकडे भरून काढायला दिवसच नाहीत. फांदी हळूच वाकवून बांधा फार तर, तेही रोप जोमात असेल तर.

आणि वीस दिवस झाले, रोप बोटाएवढं आहे, आता काय, याचं माझं उत्तर असं की पहिले पाणी थांबवा आणि कुंडी उचला. मग मातीत थर्मामीटर घाला. मग नळाचं पाणी कुठून येतं ते बघा, घराच्या पाइपचा माग काढत अगदी सॉफ्टनरपर्यंत चालत जा. या तीन गोष्टी झाल्याशिवाय खताच्या बाटलीला हात लावू नका. बहुतेक तयार मिक्समध्ये पहिल्या दोन तीन आठवड्यांचं खत आधीच असतं. आणि तरीही तिसाव्या दिवशी ते हातभर झालं नाही तर तसंच वाढू द्या, छोटं झाडही फुलतं, किंवा काढून नवीन बी लावा, दोन्ही बरोबर आहे. मी पहिल्या वेळी ठेवली कारण मला ती टाकवली नाहीत.

आप्पांना मे महिन्यात दुसऱ्या लावणीची झाडं दाखवली. त्यांनी झाडाकडे फार बघितलं नाही, म्हणाले काढल्यावर मुळी दाव. जूनमध्ये कापणी झाल्यावर मी एक कुंडी उलटी केली, कापड सोलून काढलं आणि फोन जवळ नेला. पूर्ण गड्डा पांढराशुभ्र, कापडाच्या प्रत्येक छिद्रापर्यंत मुळी पोचलेली. ते आईला हाक मारून म्हणाले, "अगं ये, बघ ही मुळी." आई आली, बघितलं, आणि मला विचारलं, "कशाचं झाड गं हे?" आप्पांनी मी काही बोलायच्या आत उत्तर दिलं, "हाय तिकडचं एक."

आता तिसरी लावणी चालू आहे, आज अकरावा दिवस. तीनच लावलीत यावेळी. माती २१ डिग्री आहे, कुंड्या अजून जड आहेत, आज पाणी नाही.